भावाला मनोविकार वॉर्डात ॲडमिट करायचं म्हणतात. तिथे तो दिवसभर करणार काय?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिचोलीजवळच्या गावातून लिहिताय. भाऊ चोवीस वर्षांचा. आठवडाभर धड झोप नाही, रात्री अंगणात येरझारा, शेजारी आपल्या जेवणात काहीतरी घालतात असं म्हणतो. बांबोळीच्या सरकारी मनोरुग्णालयात ओपीडीत दाखवलं, डॉक्टरांनी ॲडमिट करायला सांगितलं. आई म्हणते, ‘पिशांच्या (वेड्यांच्या) हॉस्पिटलात माझ्या पोराला घालणार नाही.’ आणि तुम्हाला विचारायचंय की तो तिथे दिवसभर करणार काय, बांधून ठेवतात का, शॉक देतात का, आणि घरी कधी येणार.

मी मनोविकार वॉर्डात परिचारिका होते, शेवटी इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. डॉक्टर राउंडला येतात आणि पुढच्या वॉर्डात जातात. रुग्णाचे उरलेले तास नर्स आणि अटेंडंट यांच्या डोळ्यांदेखत जातात. त्यामुळे रोगाचं नाव काय, कुठली गोळी श्रेष्ठ हे मी सांगत बसत नाही, तिथला दिवस कसा असतो ते सांगते. वॉर्डावॉर्डात फरक असतो, सरकारी आणि खाजगीत तर असतोच, पण दिवसाचा साचा साधारण हाच.

सगळ्यात आधी एक गोष्ट. घरच्यांना वाटतं पोरगा इतर रुग्णांना घाबरेल. ती भीती दोन-तीन दिवसांत जाते. खरं छळतो तो रिकामा वेळ. सकाळचा नाश्ता झाला की दुपारच्या जेवणापर्यंत काय करायचं, हा वॉर्डातला सगळ्यात मोठा प्रश्न. रुग्ण तक्रार करतात तीही बहुतेक याचीच: ‘सिस्टर, इथे काय काम ना.’ त्यांचं खोटं नाही. आपल्याकडच्या वॉर्डांत करमणूक, हातकाम, व्यायाम हे सगळं असायला हवं त्याच्या निम्म्यानेही नसतं, आणि हे मी आत राहून पाहिलेलं आहे. पण त्या रिकामेपणाचा काही भाग मुद्दाम ठेवलेला असतो. ज्याचं डोकं आठवडाभर थांबलेलं नाही, त्याला काही दिवस कुणी काही विचारू नये, काही ठरवायला लावू नये, रात्री अकरानंतर हातात मोबाइल नसावा, उठणं-जेवणं-झोपणं ठरल्या वेळी व्हावं, हा उपचारच आहे. आणि त्या मोकळ्या वेळात तो काय करतो यावरून आम्हाला कळतं औषध लागू पडतंय की नाही.

ॲडमिशनच्या दिवशी सामान तपासतात. त्याचा पुष्कळांना राग येतो, म्हणून आधीच सांगते काय न्यायचं नाही. पट्टा, बुटाची लेस, पायजम्याची नाडी, दाढीचं ब्लेड, लायटर, काचेची बाटली, आरसा, चार्जरची वायर. बायकांच्या वॉर्डात ओढणीसुद्धा. कारण तुम्हाला कळलंच असेल. त्याला इलॅस्टिकच्या पँटी आणि साधे टी-शर्ट द्या, रबरी चपला द्या. गळ्यातली चेन, अंगठी घरीच काढून ठेवा. स्वतःचे कपडे घालायचा त्याला हक्क आहे, कुणी गणवेश सक्तीने घालू शकत नाही, केस कापून टाकू शकत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. देवळातला अंगारा, मनगटातला दोरा, खिशात रोझरी, असलं काही त्याला हवं असेल तर सिस्टरला दाखवून ठेवा, सहसा कुणी अडवत नाही. फक्त अंगारा पाण्यात कालवून पाजू नका, आणि गावच्या कुणी दिलेला पाला-काढाही नको. औषधांवर काय परिणाम होईल ते कुणालाच सांगता येत नाही.

पहिले दोन-तीन दिवस तो बहुधा झोपेल. घरच्यांना वाटतं, ‘गुंगीत ठेवलाय.’ अहो, आठवडाभराची झोप बाकी राहिलेली असते! पहिल्या दिवशी तो फार अस्वस्थ असेल तर हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन हे इंजेक्शन देतात, नाहीतर गोळ्याच. याच दिवसांत एक गोष्ट होऊ शकते आणि ती पाहून घरचे हादरतात: मान एकीकडे वळते, जबडा आवळतो, डोळे वर जातात. हा त्या औषधाचा दुष्परिणाम आहे, जवान मुलांमध्ये जास्त दिसतो, आणि उलट इंजेक्शन दिलं की थोड्याच वेळात सुटतो. भूत नाही, फीट नाही. लगेच सिस्टरला हाक मारायची, बस. दुसरा दुष्परिणाम मात्र गुपचूप येतो. पाय स्वस्थ बसत नाहीत, माणूस बसतो-उठतो, जागच्या जागी पाय हलवतो, आतून तळमळतो. तो चिडलेला दिसतो आणि आजार वाढला असं सगळ्यांना वाटतं. भेटीला गेलात आणि असं दिसलं तर ‘याचे पाय थांबत नाहीत’ एवढंच नर्सला किंवा डॉक्टरांना सांगा. त्यांना डोस बदलता येतो.

आता सकाळ. साडेपाच-सहाला दिवे लागतात, चहा येतो. सोबत पाव किंवा उंडो, कधी उपमा. मग आंघोळ. हे ‘मग आंघोळ’ म्हणायला सोपं आहे. नैराश्यातल्या माणसाला बादलीपर्यंत जाणं डोंगराएवढं वाटतं. अटेंडंट त्याच्याजवळ उभा राहून साबण हातात देतो तेव्हा तो उठतो. कोण आपण होऊन आंघोळीला गेला, कुणी दाढी करून मागितली, कुणी कंगवा मागितला, हे आमच्या वहीत जातं. दाढीचं ब्लेड वॉर्डात नसतं, दाढी ठरल्या दिवशी माणसासमोर होते.

गोळ्यांची वेळ झाली की ट्रॉली येते. इथे मी जरा थांबते, कारण वॉर्डातली निम्मी लढाई इथे होते. नाव विचारायचं, खाटेचा नंबर पाहायचा, गोळी तळहातावर ठेवायची, पाण्याचा ग्लास द्यायचा, आणि गिळल्यावर ‘तोंड उघडा, जीभ वर करा’ म्हणायचं. कुणाला त्यात अपमान वाटतो. पण गोळी गालात दाबून ठेवायची कला रुग्ण एकमेकांकडून शिकतात. उशीच्या अभ्र्यात, खिडकीच्या गजाच्या फटीत, संडासात अशा गोळ्या सापडतात. तुमच्या भावाला जेवणात काहीतरी घालतात असं वाटतंय, म्हणजे पहिल्या आठवड्यात तो गोळीवर शंका घेणार हे धरूनच चला. त्याच्यापुढे गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचून दाखवलं, पाकीट त्याच्यासमोर फोडलं, तर बरेचदा काम होतं. तोंडात ठेवताच विरघळणाऱ्या गोळ्याही असतात. चहात मिसळून द्या असं सांगणारे नातेवाईक येतात. मी कधी ऐकलं नाही. ज्याला आधीच वाटतंय की खाण्यात काहीतरी घालतात, त्याच्या खाण्यात आपण खरोखरच काहीतरी घातलं, तर मग त्याने कुणावर विश्वास ठेवायचा?

जेवणाचंही तसंच. अशा रुग्णाला पहिले काही दिवस वॉर्डाचं शीत-कडी, म्हणजे भात-आमटी, जात नाही. तेव्हा केळं द्या, सालीसकट उकडलेलं अंडं, शहाळं त्याच्यासमोर फोडून, बिस्किटाचा सीलबंद पुडा. ज्याला स्वतःची साल किंवा सील आहे ते तो खातो. मग हळूहळू शेजारच्या खाटेवरचा त्याच भांड्यातलं जेवतोय हे पाहून तोही ताट पुढे करतो. पुढे उलट प्रश्न येतो. ओलान्झापिनसारख्या औषधांनी भूक इतकी लागते की रुग्ण दुसऱ्याचा पावही मागतो. त्या वेळी घरून लाडू, नेवऱ्या, केक यांचे डबे आणून ओतू नका. महिन्याभरात वजन वाढतं, साखर वाढते, आणि मग ‘गोळ्यांनी फुगलो’ म्हणून तो घरी गेल्यावर गोळ्याच सोडतो.

डॉक्टरांचा राउंड सकाळी. दोन-चार मिनिटं एका खाटेपाशी, म्हणून रुग्ण नाराज. पण डॉक्टर येण्याआधी त्यांच्या हातात आमची रात्रीची नोंद गेलेली असते: किती वाजता डोळा लागला, कधी जागा झाला, कुणाशी बोलत होता का, नाश्ता केला का. रात्री आम्ही बॅटरी घेऊन फेऱ्या मारतो ते यासाठी. ‘मला काल झोपच लागली नाही’ म्हणणारा सहा तास घोरत असतो, आणि ‘मस्त झोपलो’ म्हणणारा तीनला खिडकीशी उभा असतो. झोपेचा हा तक्ता मला रक्ताच्या रिपोर्टपेक्षा जास्त बोलका वाटत आलाय.

राउंडनंतर ते लांबलचक दुपारपर्यंतचे तास. कॅरम, टीव्ही, कालचा पेपर, व्हरांड्यात फेऱ्या. कुठे ऑक्युपेशनल थेरपी असते, तिथे कागदी पिशव्या, शिवण, चित्रं. कामाची सक्ती करता येत नाही. माझं आवडतं थर्मामीटर म्हणजे कॅरम. उन्मादाच्या भरात आलेला मुलगा पहिल्या दिवशी स्ट्रायकर मारतो आणि सोंगटी कुठे गेली ते पाहायच्या आत उठून जातो. चार-पाच दिवसांनी आपली पाळी येईपर्यंत बसतो. आणखी काही दिवसांनी पूर्ण बोर्ड खेळतो, हरतो, आणि हरल्यावर भांडत नाही. आम्ही वहीत ‘पूर्ण बोर्ड खेळला’ एवढंच लिहितो. ते वाचून डॉक्टर इंजेक्शन कमी करतात. तुमचा भाऊ उलट वाटेने येईल, म्हणजे आधी लांब भिंतीशी उभा राहील, मग खेळणाऱ्यांच्या मागे, मग चौथा भिडू कमी पडला की बसेल.

शेजारच्या खाटेवर कोण असेल? गोव्यात बहुतेक वेळा कुणीतरी दारू सोडवायला आलेला असतोच, उर्राकच्या, म्हणजे काजूच्या ताज्या दारूच्या दिवसांत तर जरा जास्तच. दारू थांबल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, कुणाला भिंतीवर किडे दिसतात, कुणी मध्यरात्री आपलं दुकान उघडायला निघतो. हे पाहून भेटीला आलेल्या आयांचं धाबं दणाणतं. त्याला लोराझेपामसारख्या गोळ्या आणि थायमिनची इंजेक्शनं चालू असतात, आणि आठवड्याच्या आत तोच गडी उठून चहाचे कप वाटायला लागतो. वॉर्डातले सगळ्यात मदतीचे रुग्ण बरेचदा हेच. बिडी-सिगारेटचं मात्र वेगळं. हॉस्पिटलात ओढायला बंदी, त्यामुळे चोरून एक बिडी आली की तिची किंमत सोन्याची. तुमचा भाऊ ओढत असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. धुराने ओलान्झापिन आणि क्लोझापिन शरीरातून लवकर बाहेर पडतात. वॉर्डात बिडी बंद असताना बसवलेला डोस घरी गेल्यावर दिवसाला पाकीट ओढलं की अपुरा पडतो. हे फार थोड्या घरांना कुणी सांगतं.

बांधतात का? खरं उत्तर हवं असेल तर: कधीकधी, थोड्या वेळासाठी, हो. कायदा सांगतो की रुग्णाला किंवा दुसऱ्याला लगेच इजा होण्याचा धोका असेल आणि दुसरा कुठलाच उपाय नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपुरतंच. शिक्षा म्हणून नाही, माणसं कमी आहेत म्हणून नाही. रुग्णाच्या बाजूने बोलायला नेमलेल्या प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवावं लागतं. साखळीला पूर्ण बंदी, एकट्याला कोंडून ठेवायलाही बंदी. हा प्रतिनिधी कोण ते ॲडमिशनच्या वेळीच विचारतात. भावाचा ज्याच्यावर विश्वास आहे ते नाव असू दे, मग ते आईचंच पाहिजे असं नाही. दार मात्र बऱ्याच वॉर्डांत बंद असतं. पहिल्या रात्री तो दार धडकावेल, ‘मला घरी न्या’ म्हणेल. तेव्हा ‘उद्या नेते’ असं सांगून पळ काढू नका, एवढी माझी हात जोडून विनंती. दुसऱ्या दिवशी तो सकाळपासून दाराशी बसतो, आणि संध्याकाळी त्याला आवरायला आम्ही असतो, तुम्ही नसता. ‘झोप लागायला लागली की डॉक्टरांना विचारून नेऊ’ असं खरं तेवढंच सांगा.

कागदावर ॲडमिशन दोन तऱ्हेची असते. तो स्वतः सही करून आला तर तो स्वतंत्र रुग्ण. घरी जायचं म्हणाला तर सोडावं लागतं, फार तर चोवीस तास तपासणीसाठी थांबवता येतं. तो तयार नसेल आणि धोका असेल तर प्रतिनिधीच्या अर्जावर, एक मनोविकारतज्ज्ञ आणि आणखी एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक अशा दोघांनी वेगवेगळं तपासून, कलम ८९खाली तीस दिवसांपर्यंत. त्याची खबर त्याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला सात दिवसांत द्यावी लागते, बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत, आणि रुग्ण स्वतः त्या मंडळाकडे दाद मागू शकतो. आईला हे समजावून सांगा: आता कुणाला आत टाकून विसरता येत नाही. तिच्या मनात आहे ते पणजीच्या आल्तिनोवरचं जुनं मनोरुग्णालय. त्याला आबे फारियाचं नाव होतं, १७५६ साली कांदोळीत जन्मलेला आपला संमोहनवाला पाद्री, पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी ज्याचा पुतळा आहे तो. काळ बदलला, जागा बदलली. गावातलं बोलणं तेवढं जुनंच राहिलं.

शॉकबद्दल. तुमच्या भावाला तो द्यायचं कुणी म्हटलेलंही नाही, तरी विचारलंत म्हणून. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो देणं कायद्याने बंद आहे. रात्रीपासून पोट रिकामं, सकाळी सलाइन, भूल, काही सेकंदांचा विद्युतप्रवाह, अर्ध्या-पाऊण तासात रुग्ण चहा मागतो. आठवड्याला दोन-तीन, साधारण सहा ते बारा वेळा. त्या दिवसांतलं थोडं विसरायला होतं, काहींना त्याआधीचंही काही आठवत नाही; हे लपवू नये. जेवण-पाणी सोडलेल्या, जीव द्यायला निघालेल्या, दगडासारख्या निश्चल बसलेल्या रुग्णात मी त्याचा जो गुण पाहिलाय तो गोळ्यांनी इतक्या लवकर येत नाही. संमतीचा कागद वाचून सही करा, प्रश्न विचारा.

भेटीची वेळ बहुधा संध्याकाळची. एकाच दिवशी सहाजणांनी येऊ नका. मावशी, काका, भटजी, शेजारी असे सगळे खाटेभोवती उभे राहिले की त्याला पुन्हा वाटतं आपल्याबद्दल काहीतरी ठरतंय. एक जण या, अर्धा तास बसा, घरच्या कुत्र्याचं, पावसाचं, फुटबॉलचं बोला. ‘तुला अजून तसं वाटतं का रे?’ ही परीक्षा घेऊ नका, ते काम डॉक्टर करतील. गप्प बसला तर तुम्हीही गप्प बसा. भेटायचा आणि फोन करायचा त्याचा हक्क कायद्यातच आहे, पण मोबाइल कुठे ठेवायचा, कधी द्यायचा याचे नियम वॉर्डाप्रमाणे वेगळे. पहिल्याच दिवशी विचारून घ्या. भेटीनंतर सात-साडेसातला जेवण, एका कोपऱ्यात कुणी हरिपाठ म्हणतो, दुसऱ्या कोपऱ्यात कुणी तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना, म्हणतो, रात्रीच्या गोळ्या, आणि नऊला दिवे मंद.

किती दिवस? झोप आणि अस्वस्थता पहिल्या आठवड्यातच सुधारायला लागते. संशय मात्र हळू जातो. आधी तो बोलायचं थांबवतो, मग त्याला खात्री वाटेनाशी होते, मग कधीतरी म्हणतो, ‘तेव्हा तसं वाटत होतं.’ तो पूर्ण जाईपर्यंत वॉर्डात ठेवत नाहीत. दोन ते चार आठवडे धरून चला. मध्येच चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली तर घरी न्यायचा मोह होईल. सुट्टी देता येते, डॉक्टरांना विचारा, पण त्या दिवसांत जागरण, पाहुणे आणि चुकलेली गोळी एकत्र येतात, आणि चवथीनंतरच्या आठवड्यात परत आलेले चेहरे आम्हाला पाठ असायचे. नेलंत तर आरती दहाला संपवा आणि त्याला झोपू द्या.

डिस्चार्जच्या दिवशी कार्ड हातात घेऊन घाईने बस पकडू नका. सिस्टरला विचारा: कुठली गोळी सकाळी, कुठली रात्री, एखादी चुकली तर काय, कुठलं रक्त कधी तपासायचं. लिथियम (मनाचे चढउतार आवरणारं औषध) दिलं असेल तर रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं, म्हणजे सकाळची गोळी रक्त देऊन मग घ्यायची. पाणी भरपूर, मीठ एकाएकी बंद करायचं नाही, आणि दुखतंय म्हणून आयबुप्रोफेनसारखी गोळी मनानेच घ्यायची नाही. बांबोळी लांब पडत असेल तर पुढची तपासणी म्हापशाला चालेल का तेही तिथेच विचारून घ्या. रात्री-अपरात्री काही अडलं तर टेलीमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. पहिल्या तारखेला त्याच्यासोबत तुम्ही जा. एकटा गेला तर ‘बरं आहे’ म्हणून दोन मिनिटांत बाहेर येतो. आणि रोज किती वाजता झोपला, किती वाजता उठला ते एका वहीत लिहून न्या. डॉक्टर पहिलं तेच विचारतील.